‘आज बसायचं का?’

*सर, मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव परभणीकडचं. आम्ही पाच जण एका फ्लॅटमध्ये कॉट बेसिसवर राहतो. पहिल्या वर्षी फ्रेशर्स पार्टीनंतर वरच्या मजल्यावरच्या सीनियर्सनी रूमवर बोलावलं, तिथं पहिल्यांदा घेतली. आता दर शनिवारी बसतो. सगळेच बसतात. चारशे-पाचशे कॉन्ट्री जाते, घरी झेरॉक्सचे पैसे म्हणून सांगतो. मला फारशी चढत नाही, पोरं म्हणतात तुझी कपॅसिटी भारी आहे. पण गेल्या महिन्यात टेरेसवरून खाली कसा आलो तेच आठवत नाही. त्याच रात्री एक रूममेट उलटी करून तसाच उताणा झोपला, आम्ही हसत दार ओढून घेतलं. मला आता नको वाटतंय. पण नाही म्हटलं की ‘आईला विचारून ये’ म्हणतात. जर्नल, असाइनमेंट, जुने पेपर सीनियर्सकडूनच मिळतात. कॉलेजात सगळेच पितात, मी एकटा पडेन. आमच्या आजोबांनी दारूत अडीच एकर घालवली, आईला कळलं तर ती खचेल. मित्र न तोडता हे कसं थांबवू? मी व्यसनी झालोय का? का सगळेच करतात म्हणून मी करतो, एवढंच आहे?*

*– नाव नको, वय १९*

नाव नको तर नको. पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. ‘सगळेच’ हा शब्द तू तीन वेळा लिहिलायस. त्याच्याकडे येतोच, पण आधी त्या उताण्या झोपलेल्या पोराचं बोलू, कारण पुढचा शनिवार चार दिवसांवर आहे.

खूप प्यायलेला माणूस उताणा झोपला आणि त्याला उलटी झाली, तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. माणूस झोपेतच गुदमरतो, शेजारच्या खोलीत आवाजसुद्धा येत नाही. तुमचा मित्र त्या रात्री वाचला तो नशिबानं. पुन्हा अशी वेळ आली तर त्याला कुशीवर वळवायचं, वरचा गुडघा दुमडून पुढे घ्यायचा, तोंड थोडं जमिनीकडे ठेवायचं आणि शुद्धीत असलेल्या एकानं शेजारी जागं बसायचं. हाका मारून, चिमटा काढून उठत नसेल, श्वास अडखळत किंवा फार सावकाश चालला असेल, ओठ निळसर पडले असतील, अंग गार लागत असेल, तर १०८ ला फोन. ‘झोपू दे, सकाळी उतरेल’ हे तुमचं नेहमीचं वाक्य. पण पोटात असलेली दारू झोपल्यावरही रक्तात जातच राहते. अर्ध्या तासानं तो झोपला तेव्हापेक्षा जास्त नशेत असू शकतो. घरमालक बाहेर काढेल, पोलीस येतील, घरी कळेल या भीतीनं पोरं तास-दोन तास घालवतात. घरमालकाचं नंतर बघता येतं.

आता ‘सगळेच’.

केंद्र सरकारनं दिल्लीच्या एम्सकडून देशभर व्यसनांची पाहणी करून घेतली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. १० ते ७५ वयाच्या लोकांत दारू घेणारे निघाले १४.६ टक्के. नुसते पुरुष धरले तर २७.३. म्हणजे चारातले जवळजवळ तीन पुरुष घेतच नव्हते. तू म्हणशील, सर, यात माळकरी आले, दहा वर्षांची पोरंही आली, आमच्या फ्लॅटचं काय? बरोबर आहे. फ्लॅटचंच बोलू.

अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात १९९३ च्या सुमारास दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना विचारलं, कॅम्पसवरच्या पिण्याबद्दल तुम्हाला स्वतःला कितपत बरं वाटतं, आणि इतरांना कितपत वाटत असेल? बहुतेकांचं उत्तर असं की मला तितकंसं पटत नाही, बाकीच्यांना मात्र चालतं. आता जो तो ‘बाकीच्यांना चालतं’ म्हणत असेल, तर हे बाकीचे कोण? पुढची गंमत अशी की त्या सत्रात मुलांची मतं हळूहळू त्या चुकीच्या समजुतीकडे सरकत गेली. मुलींची सरकली नाहीत. आपण कधी न नेमलेल्या पंचांनी दिलेला निकाल आपणच मान्य करायचा, तसलं हे.

असं होतं कारण पिण्याची गोष्ट होते आणि न पिण्याची होत नाही. शनिवारी कोण जिन्यात पडलं, कुणी एक्स गर्लफ्रेंडला फोन लावून रडगाणं गायलं, हे सोमवारी कँटीनमध्ये रंगवून सांगितलं जातं. जो मेसमध्ये जेवून, आईशी फोनवर बोलून साडेदहाला झोपला, त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काय असतं? तो स्टेटसही टाकत नाही. तुझ्या वर्गात साठ-सत्तर पोरं असतील. त्यांतले शनिवारी बसणारे तू खरोखर मोजलेस का? वहीच्या मागच्या पानावर मोज.

मी अकरा वर्षं एका वसतिगृहाचा रेक्टर होतो. बाटल्या पकडणं हेच आपलं काम, अशी माझी तेव्हा समजूत होती. पाण्याच्या टाकीमागे, ट्रंकेत, कपड्यांच्या बादलीत, एकदा तर पावसाळी बुटात चपटी सापडली. एका खोलीतली पोरं स्टीलच्या तांब्यात ओतून वर पेला उपडा ठेवायची, गंगाजल असल्यासारखी. त्याच खोलीतल्या सहा जणांना मी एका रात्री पकडलं आणि एकेकाला ऑफिसात बोलावलं. दरडावून दरडावून घसा बसला होता, म्हणून दुसऱ्या पोराला नुसतंच विचारलं, ‘तुला स्वतःला हवी होती का रे?’ तो गप्प. मग म्हणाला, ‘खास अशी नाही सर. पण बाकीच्यांना हवी असते.’ सहापैकी चौघांनी थोड्याफार फरकानं हेच सांगितलं. पकडल्यावर पोरं असंच बोलणार हे मलाही कळतं. पण त्यांतले दोघे पुढे वर्षभर आपणहून माझ्याकडे येऊन बसायचे आणि उत्तर बदललं नाही. चौघांना नको असताना त्या खोलीत दर शनिवारी बाटली येत होती. आणि वर्गणी गोळा करून ती आणायला जाणारा त्या चौघांतलाच एक होता!

म्हणून तुला पहिलं काम देतो ते नाही म्हणण्याचं नाहीच. तुमच्या पाच जणांत तुझ्यासारखा दुसरा कोण आहे ते हुडक. एकच पुरे. सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. कार्डावरच्या रेघांतली सारखी लांबी कोणती ते सांगायचं, अगदी बालवाडीतलं काम. खोलीतले बाकीचे सगळे आधीच पढवलेले, ते एकमुखानं चुकीचं उत्तर देत. एकटा पडलेला माणूस साधारण तीनदा विचारलं की एकदा त्यांच्या मागे जाऊन चूक बोलायचा, डोळ्यांना खरं दिसत असून. पण त्या गर्दीत एक जण जरी बरोबर उत्तर देणारा निघाला, की असं मागे जाणं पावपटीवर यायचं. तेव्हा चारही जणांना सुधारत बसू नकोस. जो ग्लास हातात घेऊन तासभर तोच फिरवत बसतो, जो ‘मी आणतो चकणा’ म्हणून दोनदा खाली जातो, ज्याचा अर्धा पेग बेसिनमध्ये जातो, त्याला गाठ. एकट्याला, चहाच्या टपरीवर, मंगळवारी किंवा बुधवारी. शनिवारी संध्याकाळी हे बोलणं होत नाही.

आता जरा अवघड भाग. तू लिहिलंयस, ‘मित्र न तोडता’. आपल्याकडे दारू ‘प्यायची का’ असं कुणी विचारत नाही. ‘बसायचं का’ विचारतात. गटारीला बसायचं, रिझल्ट लागला बसायचं, केटी लागली तरी बसायचं, गावी चुलतभावाच्या लग्नात वरातीआधी मंडपामागे बसायचं. शब्दच सांगतो की माणसांना बसायची जागा हवी असते. परभणीकडून आलेला पोरगा पुण्यात पहिल्या आठवड्यात ‘कडू’, ‘लई’, ‘काहून’ म्हणतो आणि वर्गात हशा पिकतो. मग तो गप्प राहायला शिकतो. शनिवारी रात्री अकराला, शेव-कांद्याच्या परातीभोवती, तिसऱ्या पेगनंतर त्याची भाषा कुणालाच खटकत नाही. कुणी तरी विचारतं, ‘घरी कसंय रे?’ आठवडाभरात हे विचारणारं दुसरं कोणी नसेल, तर तो पोरगा शनिवारची वाट बघणारच. दारूला मी मोठेपणा देत नाही. पण त्या तीन तासांत तुला जे मिळतं ते खोटं आहे असं म्हणणाऱ्या सल्लागारावर तू विश्वास ठेवू नयेस.

तेव्हा बसणं सोडू नकोस इतक्यात. ग्लास सोड. दहा-साडेदहापर्यंत बस, गप्पा मार, ऊठ. त्यानंतरच्या गप्पा तशाही कुणाच्या लक्षात राहत नाहीत. हातात काहीतरी भरलेलं ठेव, ताक, सोडा, काहीही. रिकामा हात दिसला की भरणारे हात पुढे येतात. कॉन्ट्री दे ती चकण्याची आणि जेवणाची, बाटलीची नाही, आणि हे हिशेब मांडतानाच सांग. पैसे देऊन झाल्यावर ‘मी पिणार नाही’ म्हटलं की उत्तर ठरलेलं: ‘मग पैसे वाया का घालवतोस?’ ‘अँटिबायोटिक चालू आहे’ ही थाप एकदाच चालते, दुसऱ्या शनिवारी तेच लोक तुझी तब्येत विचारतात. त्यापेक्षा ‘मी बंद केलीय, तुम्ही घ्या’ एवढंच. कारण द्यायचं नाही. कारण दिलं की त्यावर वाद घालता येतो, आणि इंजिनिअरिंगची पोरं वादात कुणाला ऐकत नाहीत. पिण्याच्या तोट्यांवर भाषणही नको. ते रागावतात ते तू पीत नाहीस म्हणून कमी, आणि तू वरून बघतोयस असं वाटतं म्हणून जास्त. ‘आईला विचारून ये’ म्हटलं तर हस आणि म्हण, ‘विचारलं, नाही म्हणाली.’ तीन-चार शनिवार टोमणे येतील. नंतर त्यांना नवीन गिऱ्हाईक मिळतं.

एक मात्र होईल. शुद्धीतला म्हणून गाडी तुझ्या हातात देतील. चालव, पण मागे दोघं-तिघं कोंबून नाही. आणि प्यायलेल्यानं किल्ली घेतली तर भांडण झालं तरी चालेल, काढून घे. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या पोर्शे गाडीच्या अपघातात काय झालं ते पुण्यात राहून तुला सांगायला नको. तोही निकाल लागल्याचा आनंदच होता.

तुमच्यात ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणारा एक जण असेल. असतोच. त्याला हिशेब करून दाखव. ६५० मिलीच्या स्ट्राँग बिअरच्या बाटलीत आठ टक्क्यांनी ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्की-रमच्या तीस मिलीच्या पेगात ४२.८ टक्क्यांनी तेरा मिलीच्या आत. म्हणजे एक बाटली बरोबर चार स्मॉल पेग. यकृत ढोबळमानानं तासाला असा एक पेग निपटतं. लिंबू पिळा, काळी कॉफी घ्या, गार पाण्याखाली उभे राहा, त्याचा वेग वाढत नाही. तुझ्या वयाला कायद्यानं यातलं काहीच मिळायला नको खरं तर. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे; बिअरला २१, कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात आणि वर परवाना. तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात कुणी वय विचारलं नसणार. असो, त्या दुकानदाराला मी पत्र लिहीत नाहीये.

आता ‘कपॅसिटी’. पत्रात तू ही ओळ जरा अभिमानानं लिहिलीयस, अक्षरावरून कळतं. ज्याला कमी चढते तो सुरक्षित, असं पोरांना वाटतं. प्रत्यक्षात अशा मुलांना पुढे दारूचं व्यसन लागण्याचा धोका जास्त असतो, हे वर्षानुवर्षं पाठपुरावा करून तपासलं गेलंय. शरीराची धोक्याची घंटाच उशिरा वाजते, तोवर माणूस दुप्पट पिऊन बसतो. त्यात तुझे आजोबा. व्यसनाच्या धोक्यातला जवळपास अर्धा वाटा आनुवंशिक असतो असं संशोधक मानतात. तू आजोबांसारखा होणारच, असा याचा अर्थ मुळीच नाही. पण जी खेळी तुझ्या रूममेटला शंभर रुपयांना पडते ती तुला कदाचित हजाराला पडेल. पोरं टाळ्या वाजवतायत त्या गोष्टीवर तुझ्या घरची अडीच एकर गेलीय.

आणि टेरेस. त्या रात्री तू बेशुद्ध नव्हतास. चाललास, बोललास, बहुधा विनोदही केलेस. मेंदूनं फक्त त्याची नोंद केली नाही. उपाशीपोटी, भराभर पिऊन रक्तातलं प्रमाण एकदम चढलं की असं होतं. ते जिने आता कधीच आठवणार नाहीत, आठवायचा प्रयत्नही करू नकोस. पण कठडा नसलेल्या बाजूला तू त्या रात्री गेला होतास का, हे तुला माहीत नाही, एवढं मनात ठेव. एकोणिसाव्या वर्षी हे एकदा होणं ही मला तुझ्या पत्रातली सगळ्यात गंभीर ओळ वाटली.

तू व्यसनी आहेस का? पत्रावरून ठरवत नाही, ठरवूही नये. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची एक चाचणी आहे, ऑडिट नावाची. समुपदेशक किंवा डॉक्टर ती पाच मिनिटांत करून घेतात. आठ किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे लक्ष घालायला हवं. घरगुती कसोटी हवी तर सलग चार शनिवार अजिबात नाही. दोन घोट नाही, कुणाचा वाढदिवस नाही. आठवड्यातून एकदाच पिणाऱ्याला हे शरीराला जड जात नाही. (रोज पिणाऱ्यानं मात्र अचानक थांबवू नये. हात कापत असतील, घाम येत असेल तर डॉक्टरांकडूनच.) चार शनिवारांत शुक्रवारपासूनच डोक्यात तेच घोळायला लागलं, किंवा दुसऱ्याच आठवड्यात मोडलं, तर कॉलेजच्या समुपदेशकाकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात, नाव सांगावं लागत नाही. व्यसनमुक्तीसाठी १४४४६. आणि तू पुण्यातच आहेस. येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय. तिथं गेलं म्हणजे दाखलच व्हावं लागतं असं नाही, चौकशीला गेलेली पोरं चहा पिऊन परत येतात.

सीनियर्सकडून येणाऱ्या जर्नलचा प्रश्न मला तू मानतोस त्याहून मोठा वाटतो. दारू आणि नोट्स एकाच हातातून येत असतील तर नाही म्हणायला जड जाणारच. तो दोर आधी कापायला हवा. जुने पेपर ग्रंथालयात असतात, वर्गातल्या मुलींकडे तुमच्या सीनियर्सपेक्षा नीट लिहिलेली जर्नल असतात, आणि ती मागायला लाज वाटते म्हणून किती पोरांनी वर्षं घालवली ते मी पाहिलंय. फ्रेशर्सला बोलावून पाजणं, नको म्हटल्यावर सगळ्यांदेखत टर उडवणं, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २००९ च्या नियमांत रॅगिंग ठरू शकतं. प्रवेशाच्या वेळी तू आणि तुझ्या वडिलांनी सही केलेलं प्रतिज्ञापत्र त्याचंच. तू तक्रार करशील असं वाटत नाही, आणि मी दबावही आणत नाही. पण यंदाच्या पहिल्या वर्षाच्या पोरांना वर बोलावतील तेव्हा जिन्यात तू कुठल्या बाजूला उभा असशील?

आईचं. रेक्टर असताना मी एकदा घाईनं एका मुलाच्या घरी फोन केला होता. वडील रात्रीच्या एसटीनं आले, पोराला कॉलर धरून घेऊन गेले, तो परत कॉलेजला आला नाही. तेव्हापासून ‘घरी सांगून टाक’ हे मी सरसकट म्हणत नाही. तुझी आई एका माणसाच्या दारूतून गेलेली आहे. तिला हे अर्धवट, रडत, फोनवर कळू नये. चार शनिवार झाले की गावी जा, मामा किंवा थोरली बहीण, ज्याच्याजवळ तुझं चालतं त्याला आधी सांग, मग त्याला घेऊन आईजवळ बस. झेरॉक्सच्या पैशांचंही तेव्हाच सांग. माझा अंदाज, तिला थोडंफार माहीत असणार. दारुड्या सासऱ्याच्या घरात राहिलेली बाई आवाजावरून ओळखते.

मंगळवारी चहाला कुणाला घेऊन गेलास आणि तो काय म्हणाला, तेवढं दोन ओळींत कळव. वर्गातली मोजणीही पाठव. आकडा माझ्या अंदाजाहून मोठा निघाला तर तोही इथे छापू.